धरलंय

१

गॅरेजचं शटर वर गेलं की धाकटा आधी दिवा लावत नसे. भिंतीवरची लहान हातोडी काढायची आणि लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवलेल्या चॅसीभोवती ठोकत ठोकत एक फेरी मारायची, ही त्याची सकाळ. गाडी त्याच्या वडिलांच्या तरुणपणातली. तिची दारं, छत, बॉनेट, सगळं अंग उतरवून मागच्या खोलीत ठेवलं होतं. इथे उरला होता नुसता सांगाडा: दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. जमिनीवर शिडी आडवी टाकावी तसा. चांगलं लोखंड हातोडीला ठण्ण करून उत्तर देतं. गंजानं खाल्लेलं ठप्प करतं आणि गप्प बसतं. हे ऐकायला दिवा लागत नाही.

धाकट्याची पन्नाशी उलटली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तरी सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणे, कारण थोरला होता. आता थोरला नव्हता. पण नाव बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही, त्याच्यासुद्धा.

"अजून वाजवतोच आहेस?" शेजारचा लेथवाला हात पुसत आत आला. "अरे, एव्हाना एक मैफल झाली असती. दे इकडे."

त्यानं हातोडी घेतली आणि डाव्या रेलवर, ड्रायव्हरची सीट येते त्या जागी, खडूची खूण होती तिथे मारली. ठप्प.

"ऐकलंस? भुसा झालाय आतून. ही चॅसी गेली."

धाकट्यानं हातोडी परत घेतली. तीच खूण, तेवढाच जोर. ठण्ण.

लेथवाला थबकला. "जोरात मारलंस."

"तेवढंच मारलं."

लेथवाल्यानं पुन्हा मारलं. ठप्प. धाकट्यानं मारलं. ठण्ण.

"लेथनं माझे कान नेले म्हणायचं," लेथवाला हसला, पण ते हसू काही जमलं नाही. भिंतीशी ताडपत्रीखाली एक दुसरी चॅसी उभी होती. आगीत वरचं अंग जळून गेलेल्या, पण खालून धडधाकट असलेल्या त्याच बनावटीच्या गाडीची. त्यानंच खटपट करून ती मिळवली होती. जाता जाता त्यानं तिच्यावर थाप मारली. "ही काय शोभेला आणलीय? हिच्यावर चढव अंग आणि मोकळा हो."

धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. पण तिच्याकडे त्यानं कानाडोळा केला. आपला हात सरावाचा आहे, एवढीच काय ती गोष्ट, असं स्वतःला सांगून त्यानं दिवा लावला.

२

दोघा भावांची कामाची रीत वडिलांनी लावून दिलेली होती. दबलेलं, वाकलेलं लोखंड सरळ करायचं तर एकानं बाहेरून हातोडा मारायचा आणि दुसऱ्यानं पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मारणारा धाकटा, धरणारा थोरला. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसे, म्हणून बोलणं मोजकं. धाकट्यानं म्हणायचं, "धर." थोरल्यानं ठोकळ्यानं आतून दोन टिचक्या द्यायच्या: धरलंय, मार. एकच टिचकी आली तर थांब. आणि काम संपलं की धाकट्यानं म्हणायचं, "सोड." तोवर धरणाऱ्यानं हात हलवायचा नाही. मध्येच ठोकळा सरकला तर बोटांचा चेंदामेंदा व्हायचा, म्हणून हा नियम. त्यात सूट नव्हती.

एकदा धाकटा मध्येच फोन घ्यायला गेला आणि गप्पांत रमला. परत येऊन बघतो तर थोरला तसाच गाडीखाली आडवा, हात वर, घामानं निथळत.

"अरे गाढवा, सोड म्हणायला तुझी जीभ झिजते का?"

"मग सोडायचंस ना!"

"तू म्हटलं नाहीस," थोरला म्हणाला. एवढं साधं होतं त्याचं.

त्या दिवशी दोघं जेवून कामाला लागले होते. डावी रेल आतून पोकळ, खालच्या अंगाला हात जाईल एवढं एक भोक. थोरला चाकं लावलेल्या फळीवर निजून गाडीखाली सरकला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. धाकटा म्हणाला, "धर." दोन टिचक्या आल्या. मग तो मारत राहिला. प्रत्येक घाव भरीव, पलीकडे हात असल्याचा. थोरला काही बोलत नव्हता, पण जेवणानंतर तो तसाही बोलत नसे. चहा आला तेव्हा धाकट्यानं हातोडा ठेवला आणि हाक मारली, "दादा, चहा."

मग तो वाकला.

थोरल्याचा हात भोकातून निसटून छातीवर पडला होता. मूठ अर्धवट मिटलेली, रिकामी. डॉक्टर म्हणाले, झोपेत जावं तसे गेले, जेवण झाल्या झाल्याच. धाकटा म्हणाला, असं कसं, चहापर्यंत तो धरून होता की. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी माणसं काहीही बोलतात, हे त्यांना ठाऊक असणार.

पुढे गॅरेज उघडलं तेव्हा धाकट्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे त्या भोकावर पट्टी ठेवून ते वेल्डिंगनं बंद करून टाकणं. आत डोकावलासुद्धा नाही. ते भोक त्याला डोळ्यांसमोर नको होतं. ठोकळा कुठे गेला, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आलं ते फार नंतर, आणि तेव्हा त्याला वाटलं, आतच राहिला असेल. आणि त्याहून जास्त विचार करायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

३

वहिनी थर्मास घेऊन आली. नवरा होता तेव्हाही दुपारचा चहा तीच आणायची, फक्त त्या दिवशी तो टपरीवरून आला होता. आता एकट्या दिरासाठी आणत होती, पण कप अजून दोनच असत. दुसऱ्यात ती स्वतः घ्यायची.

"भावोजी, पोरगी रविवारी येतेय," ती स्टुलावर बसत म्हणाली. "गाडी कुठवर आली विचारत होती. मी काय सांगू?"

"सांगा, होतेय."

"कुठली होतेय? ही की ती?" तिनं ताडपत्रीकडे हनुवटी केली.

"वहिनी, चॅसी बदलली म्हणजे गाडीच बदलली. नंबर चॅसीवर असतो. बाकी सगळं म्हणजे कपडे. ही दुरुस्त होईल. गंजलेलं कापायचं, नवा पत्रा जोडायचा. वेळ लागेल, पण गाडी तीच राहील. दादाची."

"लेथवाले म्हणाले, हिच्यात काही राहिलं नाही."

"त्यांना ऐकू येत नाही."

वहिनीनं चहा संपवला. मुलीला गाडी द्यायची, हे थोरल्याचं ठरलेलं होतं. पोरगी लहान असताना याच चॅसीच्या रेलवर बसून दोन्ही हातांनी हवेतलं स्टिअरिंग फिरवायची. आता ती दूर नोकरीला होती, घाटाच्या रस्त्यानं एकटी जा-ये करणारी. ही गाडी ती घेऊन जाणार होती. धाकट्यानं जे काही जोडलं असेल, त्याच्यावर बसून.

"भावोजी, एक विचारू? तुम्हाला ती चॅसी दुरुस्त करायचीय, की नुसती सोडवत नाही?"

धाकट्यानं खडू उचलून रेलवरची खूण पुन्हा गडद केली.

"तुमचं तरी बरं," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही त्यांच्याजवळ होतात. मी दवाखान्यात पोचले तोवर त्यांचे हात गार पडले होते. इतकी वर्षं त्या हातांना मी नावं ठेवली, ग्रीसचे आहेत, टॉवेलला पुसू नका म्हणून. आणि शेवटी हातात घेतले तर लोखंड घेतल्यासारखं वाटलं." तिनं कप पालथा करून ठेवला. "मला गाडी तीच राहायला नको. पोरगी नीट घरी पोचायला हवी."

ती गेल्यावर धाकट्यानं हत्यारं आवरली. तिचं बरोबर होतं आणि ते त्याला कळत होतं. तरी जाता जाता त्यानं खुणेवर हातोडी मारली. ठण्ण. बरं वाटलं.

४

ते तोंडातून गेलं कसं, हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. दुपारची वेळ, बाहेर उन्हात गल्ली सुस्तावलेली. तो डाव्या रेलचा एक दबलेला भाग उचलायला बसला होता आणि सवयीनं म्हणून गेला, "धर."

आतून दोन टिचक्या आल्या.

त्याच्या हातातला हातोडा तसाच वर राहिला. मग डोकं कामाला लागलं. ठोकळा आत सुटा पडलाय. आपण रेलला धक्का दिला, तो हलला, वाजला. सरळ आहे. फक्त एक गोष्ट सरळ नव्हती. सुटा ठोकळा तळाशी वाजायला हवा होता आणि टिचक्या आल्या होत्या वरून, बरोबर त्याच्या हातोड्याच्या खालून.

त्यानं घाव घातला. पलीकडे कुणीतरी पक्कं धरलेलं होतं.

त्या दिवसापासून काम भराभर होऊ लागलं. खरं सांगायचं तर धाकटा सुखात होता. तो येताना शीळ घालायचा, गाडीखाली बघून लेथवाल्याच्या चहाड्या करायचा, वहिनीच्या तब्येतीचं सांगायचा. उत्तराची अपेक्षा नसायची. "धर" म्हटलं की दोन टिचक्या येत होत्या, तेवढं पुरे होतं. संध्याकाळी शटर ओढताना त्याचा पाय निघत नसे. आणि "सोड" तो म्हणत नसे. विसरायचा म्हणून नाही. म्हणावंसंच वाटायचं नाही.

पण हळूहळू टिचक्या बदलल्या. पहिली यायची, दुसरीला उशीर व्हायचा. कधी दुसरी इतकी हलकी यायची की कान टेकवावा लागे. एकदा कान टेकवला तेव्हा रेलच्या आतून एक बारीक, न थांबणारा आवाज आला. लोखंडावर लोखंड किंचित थरथरत असल्याचा. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, असं त्यानं ठरवलं. ट्रक गेलेला नव्हता.

५

रविवारी पोरगी आली. आईला बाहेरच सोडून ती सरळ चॅसीपाशी आली आणि काकांच्या गळ्यात पडली. मग डोळे पुसून म्हणाली, "काका, बसू का? पहिल्यासारखी?"

"कपडे खराब होतील."

"होऊ देत."

तिनं दोन रेलवर फळी टाकली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. हात हवेत धरले. तोंडानं इंजिनाचा आवाज काढला, तो मध्येच फुटला. तिला रडू येत होतं, हे धाकट्याला दिसत होतं, म्हणून त्यानं नजर खाली वळवली. त्यामुळे पुढचं सगळं त्याला दिसलं.

डावी रेल तिच्या वजनानं दबू लागली. कर्र आवाज झाला, गंजाच्या खपल्या पावडरीसारख्या जमिनीवर पडल्या. खुणेपाशी लोखंड मधोमध खचत होतं. आणि मग ती रेल थांबली. थांबली आणि परत वर आली. एकदम नाही. थोडी, मग आणखी थोडी, जड ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यावं तशी. शेवटी सरळ झाली.

"काका, खाली जॅक लावलाय का?" पोरगी हसली. "मला कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं."

खाली काही नव्हतं. घोड्या दोन्ही टोकांना होत्या. मध्ये फरशी आणि गंजाची पावडर.

आतून टिचकी आली. एकच.

थांब.

धाकट्यानं पोरीला दंडाला धरून खाली ओढलं, इतक्या जोरात की तिचा दंड लाल झाला. ती घाबरून बघत राहिली. "उतर," तो म्हणाला, "उतर, पुन्हा बसू नकोस हिच्यावर." त्याचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

रेलमध्ये काही उरलेलं नव्हतं. लेथवाला खरं बोलत होता. चांगलं लोखंड म्हणून धाकटा जे ऐकत होता, ते लोखंड नव्हतंच.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दिवा लावला, हातोडी भिंतीवरच राहू दिली आणि ग्राइंडर घेतला. खुणेच्या बाजूला, रेलच्या आतल्या अंगाला, तळहाताएवढा चौकोन कापायचा. ठोकळा सुटा पडलेला दिसेल, काढून घेऊ आणि विषय संपेल. कापताना तो हे तोंडानं पुटपुटत होता.

चौकोन पडला. जळक्या लोखंडाचा वास विरल्यावर त्यानं टॉर्च आत धरला.

आधी नुसता गंज दिसला, सोलून लटकलेला. मग ठोकळा. तो तळाशी नव्हता. रेलच्या वरच्या अंगाला दाबून धरलेला होता. आणि त्याच्या खाली बोटं. चार दिसली, गंजानं माखलेली, त्यांच्यापुढचं सगळं अंधारात. मधल्या बोटाचं नख वाकडं होतं, लहानपणी दारात सापडून पुन्हा उगवलेलं.

बोटं थरथरत होती.

आपलाच हात थरथरतोय, टॉर्च हलतोय, असं म्हणून त्यानं टॉर्च घोडीवर टेकवला आणि हात काढून घेतला. उजेड स्थिर झाला. बोटं थरथरतच राहिली. फार वेळ वजन धरून ठेवलेल्या, कुणीतरी कधी बोलेल याची वाट बघणाऱ्या हाताची ती थरथर धाकट्यानं आयुष्यभर पाहिली होती.

त्या दिवशी आपण "चहा" म्हणालो होतो. "सोड" म्हणालो नव्हतो. आणि त्यानंतर इतके दिवस रोज "धर, धर" म्हणत आलो.

खाली पडलेला चौकोनी तुकडा त्याच्या पायाशी होता. तो परत जागेवर ठेवायचा, चार टाके वेल्डिंगचे, की झालं. उद्या सकाळी टिचक्या येतील. परवा येतील. हा विचार त्याच्या मनात आला, आणि चटकन गेला नाही.

"भावोजी?"

वहिनी दारात उभी होती, हातात थर्मास. एवढ्या सकाळी ती कधी येत नसे. कालच्या प्रकारानं तिला झोप लागली नसावी. धाकटा सरकून चौकोनाच्या आड झाला.

"काय आहे आत?"

"काही नाही. गंज."

"मग रडता कशाला?"

तेव्हा त्याला कळलं की आपण रडतोय. त्यानं कपाळ रेलला टेकवलं. लोखंड गार होतं आणि आतली थरथर कपाळाला लागत होती.

"दादा," तो म्हणाला. मग कामावर म्हणायचा तसं म्हणाला, "झालं रे. सोड."

काही झालं नाही. वहिनी जागच्या जागी उभी. बाहेर लेथ सुरू झाला आणि लगेच बंद पडला. मग रेलच्या आत एक लांब श्वास सुटावा तसा गंज झरझर सांडला, ठोकळा धाडकन तळाला आदळला आणि डावी रेल मधोमध वाकून, कापलेल्या जागी उसवत, जमिनीवर टेकली.

धूळ बसायला वेळ लागला. धाकट्यानं फाटलेल्या रेलमध्ये टॉर्च मारला. अंधार संपून पलीकडचा पत्रा दिसत होता. त्यात कुणी नव्हतं, कुणी मावण्यासारखी जागाही नव्हती. त्यानं हात घालून ठोकळा बाहेर काढला. वडिलांच्या आणि मग थोरल्याच्या तळव्यानं झिजून त्याला खालच्या बाजूला एक उथळ खळगा पडला होता. वरची बाजू, कापलेल्या जागेजवळची असूनही, गार होती. खळगा कोमट होता.

वहिनीनं थर्मास खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. त्यानं ठोकळा तिच्या हातांत दिला. तिचा तळवा खळग्यात बसला आणि तिचा चेहरा बदलला.

स्टुलावर बसून तिनं तो मांडीत घेतला. ग्रीस साडीला लागत होतं. धाकट्यानं भिंतीकडे जाऊन ताडपत्री ओढली, दुसरी चॅसी उघडी केली आणि सवयीनं तिच्यावर बोटाची टिचकी मारली. ती स्वच्छ वाजली, एकट्या लोखंडाची वाजते तशी. तो पाठ करून तिथेच उभा राहिला.

लेथवाला आवाज ऐकून धावत आला आणि दारातच थांबला. ठोकळा पुरता गार होईपर्यंत वहिनीनं तो खाली ठेवला नाही.